पार्किंगचा विषय काढायचा नाही

आमच्या कोथरूडच्या सोसायटीची वार्षिक सभा गच्चीवर भरते. दोन सतरंज्या, भाड्याच्या वीस खुर्च्या, शेवटी बटाटेवडा आणि कॉफी. गेल्या वर्षी सभा सुरू व्हायच्या आधीच सेक्रेटरींनी हात जोडले आणि म्हणाले, "एकच विनंती आहे. आज पार्किंगचा विषय कुणी काढायचा नाही." सभा झकास झाली. टाकीची सफाई, लिफ्टचा मेंटेनन्स, गणपतीची वर्गणी, सगळे ठराव सर्वानुमते मंजूर. ज्या एका गोष्टीपायी आमच्या विंगमधली दोन घरं तीन वर्षं एकमेकांकडे तिळगूळसुद्धा नेत नाहीत, तिच्याबद्दल मात्र अवाक्षर नाही.

जिना उतरता उतरता मला सार्क आठवलं.

सार्क म्हणजे दक्षिण आशियातल्या देशांची संघटना. ८ डिसेंबर १९८५ रोजी ढाक्यात स्थापन झाली. भारत, पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका, नेपाळ, भूतान आणि मालदीव हे सात. २००७ मध्ये अफगाणिस्तान आठवा. तिच्या सनदेत दहावं कलम आहे, जेमतेम दोन ओळींचं. सगळे निर्णय एकमताने होतील, ही पहिली ओळ. दोन देशांमधले वादाचे विषय चर्चेला घ्यायचे नाहीत, ही दुसरी. म्हणजे पार्किंगचा विषय काढायचा नाही! काश्मीर नाही, गंगेचं पाणी नाही, श्रीलंकेतल्या तमिळांचा प्रश्न नाही. बोलायचं ते शेती, हवामान, टपाल यांवर. एवढं सोवळं पाळूनही गाडी अडायची ती अडलीच. शेवटची शिखर परिषद २०१४ मध्ये काठमांडूत झाली. पुढची २०१६ ला इस्लामाबादेत व्हायची होती. उरीचा हल्ला झाला, भारताने जायला नकार दिला, पाठोपाठ बांगलादेश, भूतान आणि अफगाणिस्ताननेही दिला, आणि तेव्हापासून शिखर परिषद भरलेली नाही.

पुण्यात परराष्ट्र धोरणावरचं कुठलंही व्याख्यान घ्या, प्रश्नोत्तरांच्या वेळी एक आजोबा उठून विचारतातच : "आपलं खाणं एक, गाणी एक, सणवार एक. मग या शेजाऱ्यांशी आपलं जमत का नाही?" प्रश्न भाबडा वाटतो, पण आंतरराष्ट्रीय संबंधांच्या अभ्यासातला एक मोठा वाद त्यात बसलेला आहे.

या अभ्यासात एका गटाचं म्हणणं सरळ असतं : रणगाडे किती, तेल किती, तिजोरी किती भरलेली, एवढं मोजा. बाकी सगळी गोड बोलणी. यांना वास्तववादी म्हणतात. दुसरा गट म्हणतो, मोजा जरूर, पण मोजलेल्याचा अर्थ कोण लावणार? अलेक्झांडर वेंट या अभ्यासकाचं एक उदाहरण मला फार आवडतं. अमेरिकेला ब्रिटनच्या पाचशे अण्वस्त्रांपेक्षा उत्तर कोरियाच्या पाच अण्वस्त्रांची धास्ती जास्त वाटते. आकडा शंभरपट लहान आणि भीती मोठी, कारण ब्रिटन 'आपला'. हा 'आपला' कुठल्या शस्त्रागारात ठेवलेला नसतो. तो पिढ्यान्‌पिढ्यांच्या उठण्याबसण्यातून तयार होतो. आणि सांस्कृतिक मूल्यं म्हणजे तरी वेगळं काय? कुणाला आपलं म्हणायचं, थोरल्याने धाकट्याशी कसं वागायचं, चारचौघांत कुणाचा पाणउतारा करायचा नाही, नाही म्हणायचं तर ते कुठल्या शब्दांत. घरात अंगवळणी पडलेल्या या गोष्टी माणूस परराष्ट्रमंत्री झाला म्हणून विसरत नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. संस्कृती सारखी असली म्हणून शेजाऱ्यांचं भांडण टळत नाही. पण ते भांडण कुठल्या वळणाने जाणार आणि त्यात कुठला शब्द जिव्हारी लागणार, हे बरंचसं तिथेच ठरतं.

आता सार्कची थोरली आत्तेबहीण पाहू. आसियान. ८ ऑगस्ट १९६७, बँकॉक. सुरुवातीला पाच देश : इंडोनेशिया, मलेशिया, फिलिपिन्स, सिंगापूर, थायलंड. यातले इंडोनेशिया आणि मलेशिया वर्षभर आधीपर्यंत एकमेकांवर बंदुका रोखून होते. संस्कृती एक म्हणावी तर तेही नाही. कुणी मुस्लिमबहुल, कुणी कॅथलिक, कुणी बौद्ध, कुठे चिनी वंशाचे लोक जास्त. त्या आजोबांच्या हिशेबाने ही मंडळी एका खोलीत बसायलाच नकोत. प्रत्यक्षात ती साठ वर्षं होत आली तरी बसताहेत, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये तिमोर-लेस्ते अकरावा सदस्य झाला.

कशी बसतात, ते बघण्यासारखं आहे. त्यांच्या पद्धतीला दोन शब्द आहेत, 'मुश्यावरा' आणि 'मुफाकत'. दोन्ही मुळात अरबी. हिंदीतला 'मशवरा' हा त्यातल्या पहिल्याचा सख्खा भाऊ. मुश्यावरा म्हणजे बसून विचारविनिमय, मुफाकत म्हणजे त्यातून झालेलं एकमत. ही रीत जावा बेटावरच्या गावबैठकीतून आली असं मानतात. गावचा प्रमुख विषय मांडतो, ज्याला बोलायचं तो बोलतो, पुन्हा बोलतो, आणि मतदान होत नाही. मतदान झालं की कुणीतरी हरणार, आणि हरलेल्या माणसाला उद्या त्याच गावात, त्याच विहिरीवर पाणी भरायचं असतं. म्हणून बोलणं लांबवायचं, विरोधाची धार आपोआप बोथट होऊ द्यायची, आणि मग प्रमुखाने म्हणायचं, "बरं तर, असं ठरलं."

आपल्याकडच्या पारावरच्या बैठका याहून फार वेगळ्या नव्हत्या. आमच्या सोसायटीत 'सर्वानुमते मंजूर' होतं तेही गच्चीवर नाही होत. आदल्या आठवड्यात जिन्यात, दूध आणायला जाताना, एकेकाला गाठून ते होतं. गच्चीवर नुसता शिक्का बसतो. आसियानचंही तसंच. खरं काम अधिकाऱ्यांच्या आधीच्या फेऱ्यांत, जेवणांत, गोल्फच्या मैदानावर. मुख्य बैठकीत कुणी कुणाला तोंडावर पाडत नाही. (पुण्याच्या माणसाला राजदूत करून तिथे पाठवलं तर आठवडाभरात परत पाठवतील, असं मला कधीकधी वाटतं. आपल्या पाट्या वाचूनच त्यांना घाम फुटेल.)

२००७ मध्ये आसियानने रीतसर सनद केली, तिच्या विसाव्या कलमात हीच पद्धत लिहून ठेवली. म्हणजे गावबैठकीतला शिष्टाचार आंतरराष्ट्रीय कायद्याच्या कागदावर आला. सार्कच्या सनदेतही 'एकमत' आहे. अक्षरं तीच. मग फरक कुठे? आसियानमध्ये एकमत ही करायची गोष्ट आहे, तिच्यासाठी माणसं जिने चढतात-उतरतात. आपल्याकडे एकमत हा नकाराधिकार झाला. एकाने मान हलवली की संपलं. शिवाय आसियानमध्ये सगळ्यात मोठा असलेला इंडोनेशिया मुद्दाम थोडं मागे बसत आला. संघटनेचं सचिवालय जकार्तात आहे, पण दादागिरीचा आव नाही. दक्षिण आशियात भारत इतका मोठा आहे की तो मागे बसला तरी सावली पुढे पडते.

ही रीत फुकट मिळत नाही, हेही सांगायला हवं. २०१२ मध्ये नॉम पेन्हला परराष्ट्रमंत्र्यांची बैठक झाली. दक्षिण चीन समुद्रातल्या वादाचा उल्लेख निवेदनात हवा, असं फिलिपिन्स आणि व्हिएतनामचं म्हणणं; यजमान कंबोडियाला चीनला दुखवायचं नव्हतं. पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदाच संयुक्त निवेदनाशिवाय मंडळी उठली. म्यानमारमध्ये २०२१ साली लष्कराने सत्ता बळकावली तेव्हा आसियानने पाच कलमी सहमती केली, लष्करप्रमुखांनी त्या बैठकीत मान डोलावली, आणि परत जाऊन हवं तेच केलं. मग ऑक्टोबरच्या परिषदेचं आमंत्रण त्यांना द्यायचं नाही, असं ठरलं. आमंत्रण न देणं! पाश्चात्त्य वर्तमानपत्रांनी याची थट्टा केली. पण ज्यांच्या घरी लग्नाची पत्रिका न आल्यावरून दोन पिढ्यांचा अबोला झाला आहे, त्यांना कळेल की त्या संस्कृतीत ही बऱ्यापैकी जोराची थप्पड होती. लष्कर बधलं नाही, ही गोष्ट वेगळी.

खुणांचं हे राजकारण आपल्याकडेही चालतं, फक्त आपण त्याला राजकारण म्हणत नाही. जानेवारी २००२, काठमांडू, सार्क परिषद. संसदेवरच्या हल्ल्याला महिनाही झालेला नव्हता, सीमेवर फौजा समोरासमोर होत्या. भाषण संपवून मुशर्रफ सरळ वाजपेयींच्या खुर्चीपाशी गेले आणि त्यांनी हात पुढे केला. वाजपेयी उठले, त्यांनी हात मिळवला. चारचौघांत पुढे आलेला हात झिडकारणं आपल्या रीतीत बसत नाही, हे दोघांनाही माहीत होतं. एकाने ते वापरलं, दुसऱ्याने ते पाळलं. सीमेवरच्या फौजा त्यानंतरही कित्येक महिने हलल्या नाहीत. आता सप्टेंबर २०२५ घ्या. दुबईत आशिया चषकाच्या सामन्यात भारतीय खेळाडूंनी पाकिस्तानी खेळाडूंशी हात मिळवला नाही. सामना कोण जिंकलं यापेक्षा आमच्या कट्ट्यावर चार दिवस त्या न मिळवलेल्या हाताचीच चर्चा होती. एकदा हात देऊन फौजा हटल्या नाहीत, एकदा न देऊन युद्ध झालं नाही. तरी दोन्ही वेळा दोन्हीकडच्या लोकांना त्याचा अर्थ अचूक कळला, दुभाष्याची गरज पडली नाही. सारख्या संस्कृतीचा हा तोटाच म्हणा ना : टोमणा वाया जात नाही.

याहून जवळचं उदाहरण आमच्या गेटवर बसतं.

आमचा रात्रपाळीचा वॉचमन सुदूरपश्चिम नेपाळमधल्या अछाम जिल्ह्यातला आहे. पुण्यात, मुंबईत अशी हजारो माणसं आहेत. ना पासपोर्ट, ना व्हिसा, कारण १९५० च्या भारत-नेपाळ मैत्री करारामुळे दोन्हीकडच्या लोकांना एकमेकांच्या देशात राहता येतं, काम करता येतं. साडेसतराशे किलोमीटरची सीमा उघडी. 'रोटी-बेटीचं नातं' हे शब्द दोन्हीकडचे पंतप्रधान वापरतात. भारताचा लष्करप्रमुख नेपाळच्या लष्कराचा मानद जनरल असतो आणि त्यांचा आपल्या. जगात अशी रीत क्वचितच असेल.

तर हा वॉचमन आला तेव्हा सगळे त्याला 'बहादूर' म्हणत, मीही. त्याच्या आधीच्यालाही बहादूरच म्हणत होतो. सहा महिन्यांनी एकदा कुरिअरच्या वहीवर सही करताना त्याचं नाव दिसलं, ते काही भलतंच होतं. मी ओशाळून विचारलं तर तो हसून म्हणाला, "चालतं काका, सगळे म्हणतात." आता आम्ही त्याला 'दाजू' म्हणतो. नेपाळीत दाजू म्हणजे थोरला भाऊ.

२०१५ च्या हिवाळ्यात हा दाजू आमच्यावर रुसला होता. सांगतो का ते. त्या वर्षी एप्रिलमध्ये नेपाळात मोठा भूकंप झाला, भारताची मदत काही तासांत पोहोचली. २० सप्टेंबरला नेपाळने नवी राज्यघटना जाहीर केली. तराई भागातल्या मधेशी लोकांना ती अन्यायाची वाटत होती. सीमेपलीकडच्या बिहार-उत्तर प्रदेशाशी खरं रोटी-बेटीचं नातं त्यांचंच. घोषणेच्या दोन दिवस आधी भारताचे परराष्ट्र सचिव काठमांडूत पोहोचले. घटना जाहीर झाल्यावर चीनने अभिनंदन केलं, भारताच्या निवेदनात नुसती 'नोंद घेतली' होती. घरात बारसं असावं आणि थोरल्या भावाने 'पत्रिका मिळाली' एवढंच कळवावं, तसं झालं. मग रक्सौल-बीरगंजच्या नाक्यावर ट्रक अडले. पेट्रोल, गॅस, औषधं, सगळ्याची टंचाई. भारत सरकारचं म्हणणं होतं, अडथळा नेपाळच्या बाजूच्या आंदोलकांचा आहे, आम्ही काही अडवलेलं नाही. नेपाळी माणसाने ते मानलं नाही. त्याच्या बोलीत ती नाकाबंदीच आहे, आजही.

दाजूच्या घरी तेव्हा सिलिंडर मिळत नव्हता, बायको चुलीवर रांधत होती. तो एवढंच म्हणाला की आमच्याकडे दसऱ्याला, म्हणजे दशैंला, थोरला माणूस धाकट्याला टिका लावतो. दही, तांदूळ आणि कुंकू कालवून कपाळभर लावतात, आणि कानामागे जमरा खोवतात. जमरा म्हणजे घटस्थापनेला मातीत पेरलेल्या जवाचे कोवळे पिवळे कोंब. मी त्याला सांगितलं, अरे, आमच्या गावाकडेही घटातले तुरे दसऱ्याला टोपीत खोवतात. त्यालाही गंमत वाटली. मग त्याने तोच धागा पुढे ओढला : थोरला टिका लावतो, हातावर दक्षिणा ठेवतो, आशीर्वाद देतो. थोरलेपण त्याच्यासाठी आहे.

'मोठा भाऊ' या शब्दात किती दारूगोळा भरलेला आहे ते मला त्या दिवशी कळलं. आपण दिल्लीत बसून म्हणतो, आम्ही मोठे भाऊ, आम्ही सांभाळून घेऊ. आपल्याला ते प्रेमाचं वाटतं. काठमांडूत ऐकणाऱ्याला त्यात दोन अर्थ ऐकू येतात : थोरला देतो, आणि थोरल्याचं ऐकावं लागतं. ज्या वर्षी देणं दिसत नाही त्या वर्षी नुसतं ऐकावं लागणं उरतं. अमेरिकेने तेल अडवलं असतं तर नेपाळी माणूस चिडला असता. भावाने अडवलं म्हटल्यावर तो दुखावला, आणि दुखावलेला माणूस चिडलेल्यापेक्षा जास्त काळ लक्षात ठेवतो. मार्च २०१६ मध्ये नेपाळने चीनशी मालवाहतुकीचा करार केला. हिमालय ओलांडून माल आणणं महाग आणि अवघड, हे काय त्यांना माहीत नव्हतं? पण मला दुसरं दार आहे, हे दाखवणं त्या वेळी त्यांना गरजेचं वाटलं.

कधी कधी वाटण्यांच्या भांडणासारखं होतं, म्हणजे वारसा एकच आणि त्याचा सातबारा कुणाच्या नावावर? नेपाळात आणि पुण्यातल्या नेपाळी पोरांच्या मोटारसायकलींवरही एक स्टिकर दिसतो : बुद्धाचा जन्म नेपाळमध्ये झाला. लुंबिनी आजच्या नेपाळात आहे, तिथे अशोकाचा स्तंभ उभा आहे, याबद्दल कुणालाच शंका नाही. पण २०२० मध्ये एका भारतीय मंत्र्याच्या भाषणात बुद्धाचा उल्लेख थोर भारतीय म्हणून आला, नेपाळच्या परराष्ट्र मंत्रालयाने हरकत घेतली, आणि लुंबिनीबद्दल दुमत नाही असा खुलासा दिल्लीला करावा लागला. आपल्याला वाटतं, इतकं काय मनाला लावून घ्यायचं. धाकट्याकडे दागिने कमी असतात, म्हणून तो ते मोजून ठेवतो.

हाच बुद्ध जोडतोही, हेही खरं. पुण्याजवळ देहूरोडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी बुद्धमूर्ती बसवली, ती रंगूनहून आणलेली होती. धर्मांतरानंतर महिन्याभराने, नोव्हेंबर १९५६ मध्ये, ते जागतिक बौद्ध परिषदेसाठी काठमांडूला गेले आणि बुद्ध व मार्क्स यांच्यावर बोलले. देहूरोडच्या त्या मूर्तीमागे कुठल्या मंत्रालयाचं 'सांस्कृतिक धोरण' नव्हतं. आज भारत सरकार बुद्धाच्या अस्थी थायलंडला, व्हिएतनामला दर्शनासाठी पाठवतं, लाखो लोक रांगा लावतात. त्यात श्रद्धा आहे आणि चीनशी स्पर्धाही आहे. दोन्ही एका पेटीतून प्रवास करतात.

थायलंड आणि कंबोडिया यांची गोष्ट तर व्याख्यानातल्या त्या आजोबांना मुद्दाम सांगावी अशी. दोन्ही देश बौद्ध, दोन्हीकडे रामायण नाचून सादर करतात. त्यांच्या सीमेवर डांगरेक डोंगराच्या कड्यावर प्रेह विहार नावाचं जुनं शिवमंदिर आहे. १९६२ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ते कंबोडियाचं ठरवलं, २००८ मध्ये ते जागतिक वारसा यादीत गेलं, आणि लगेच दोन्हीकडून गोळ्या सुटल्या. जुलै २०२५ मध्ये याच सीमेवर पाच दिवस तोफा आणि विमानं वापरून लढाई झाली. मलेशियाने मध्यस्थी करून २८ जुलैला युद्धविराम घडवला. डिसेंबरमध्ये पुन्हा पेटलं. २०२३ च्या आग्नेय आशियाई क्रीडा स्पर्धांत कंबोडियाने लाथाबुक्क्यांच्या मुष्टियुद्धाला 'कुन ख्मेर' म्हटलं, थायलंडने 'ते तर आमचं मुआय थाय' म्हणून त्या प्रकारात खेळाडूच पाठवले नाहीत. बासमती या नावाच्या हक्कावरून आपलं आणि पाकिस्तानचं युरोपात जे चाललंय, ते याच जातीचं. परक्याशी कुणी मंदिरावरून किंवा तांदळावरून भांडत नाही. ते भाऊबंदांचं भांडण असतं.

आता जरा पुण्याकडे. २०२३ मध्ये जी-२० च्या बैठका जानेवारीत आणि जूनमध्ये पुण्यात झाल्या. भिंती रंगल्या, झाडांना दिवे लागले, आणि जिकडेतिकडे एक संस्कृत ओळ झळकली : वसुधैव कुटुंबकम्. पुणेकरांना ती नवी नव्हती. सिम्बायोसिस या इथल्या शिक्षणसंस्थेचं बोधवाक्य तेच. त्या संस्थेच्या जन्माची गोष्ट शां. ब. मुजुमदार सांगत आले आहेत : फर्ग्युसनच्या वसतिगृहाचे रेक्टर असताना त्यांनी एका मुलीला खिडकीतून डबा देताना पाहिलं. आत मॉरिशसचा एक विद्यार्थी काविळीने पडला होता, परक्या गावात त्याचं करायला कुणी नव्हतं. त्यातून परदेशी विद्यार्थ्यांसाठी काही करावं हा विचार आला, १९७१ मध्ये संस्था उभी राहिली. 'जग हे कुटुंब' याचा याहून साधा अर्थ मला तरी माहीत नाही : खिडकीतून आलेला डबा.

जी-२० मध्ये मात्र त्याच ओळीवर चीनने आक्षेप घेतल्याच्या बातम्या आल्या. संस्कृत ही संयुक्त राष्ट्रांच्या अधिकृत भाषांत नाही, असं कारण. आपल्याकडे सगळे रागावले. मला तेव्हा हितोपदेश आठवला. हा श्लोक महोपनिषदात आहे, तसा हितोपदेशातही आहे, आणि तिथे तो म्हणतो कोण? कोल्हा. हरणाशी दोस्ती करून त्याला खायचा त्याचा बेत असतो. कावळा हरणाला सावध करतो की अनोळखी माणसाला घरात घेऊ नकोस. त्यावर कोल्हा साळसूदपणे सुनावतो, हा आपला, तो परका, असं कोत्या मनाची माणसं मोजतात, उदारांना सगळी पृथ्वी कुटुंब असते. श्लोक तोच, अर्थही तोच. फक्त म्हणणारा बदलला की ऐकणाऱ्याने कान टवकारायचे असतात. आपण उपनिषदातली ओळ म्हणतो आणि शेजाऱ्याला हितोपदेशातली ऐकू येते, ही आपल्या परराष्ट्र धोरणाची जुनी अडचण आहे.

मूल्यांची ढालही करता येते. १९९० च्या दशकात सिंगापूरचे ली क्वान यू आणि मलेशियाचे महाथीर 'आशियाई मूल्यं' हा शब्द घेऊन उभे राहिले. आमच्याकडे कुटुंब, शिस्त, वडीलधाऱ्यांचा मान आधी; तुमचे ते व्यक्तीचे हक्क आम्हाला शिकवू नका. अमर्त्य सेन यांनी विचारलं, आशिया म्हणजे कुठला? अशोक, अकबर हेही आशियातलेच ना? दक्षिण कोरियाचे किम दे-जुंग तुरुंगवास भोगून आलेले, त्यांनी तर स्वच्छ सांगितलं की लोकशाहीची मुळं आमच्या परंपरेतही आहेत. पुढे ते राष्ट्राध्यक्ष झाले. १९९७ मध्ये थायलंडचं चलन कोसळलं, मागोमाग अर्ध्या आशियाची अर्थव्यवस्था, आणि त्या मूल्यांची चर्चा बरीच हलक्या आवाजात होऊ लागली. माझा साधा ठोकताळा आहे. सत्तेवरचा माणूस संस्कृतीचं नाव घेऊ लागला, की त्याच्या घरातल्या धाकट्या माणसांना एकदा विचारून यावं.

मूल्यं दगडात कोरलेली नसतात, हे दाखवायला आफ्रिकेचं उदाहरण पुरेसं आहे. १९६३ च्या आफ्रिकी एकता संघटनेचा मंत्र होता, दुसऱ्याच्या घरात डोकवायचं नाही. वसाहतींतून नुकते सुटलेले देश ते, त्यांना सार्वभौमत्वाचं मोल जास्त. मग १९९४ मध्ये रवांडात शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसं मारली गेली आणि शेजारी डोकावले नाहीत. पुढे आफ्रिकी संघ झाला, तेव्हा त्याच्या घटनेत वंशहत्येसारख्या गुन्ह्यांत हस्तक्षेप करायचा हक्क लिहिला गेला. लिहिलेलं नेहमी पाळलं जातं असं नाही. पण शेजारधर्माची व्याख्या त्यांनी बदलली हे खरं.

आणि शेवटी बंगाल, कारण तिथे सगळं एकत्र आहे. एक भाषा, एकाच कवीने लिहिलेली दोन राष्ट्रगीतं, सीमेच्या दोन्ही बाजूंना तेच माशाचं कालवण. पाणी मात्र वाटून. १२ डिसेंबर १९९६ चा गंगा पाणीवाटप करार बघा. १ जानेवारी ते ३१ मे, दहा-दहा दिवसांचे टप्पे. सीमेअलीकडच्या फराक्क्याच्या धरणापाशी सत्तर हजार क्युसेक किंवा कमी पाणी असेल तर निम्मं-निम्मं. त्याहून जास्त, पण पंचाहत्तर हजारांपर्यंत असेल तर बांगलादेशला पस्तीस हजार, उरलेलं भारताला. त्याच्याही वर गेलं तर भारताला चाळीस हजार, बाकीचं त्यांना. फराक्का आणि पलीकडच्या हार्डिंज पुलापाशी संयुक्त पथकं प्रवाह मोजतात. या करारात कुठे भाऊ नाही, बहीण नाही, कवितेची ओळ नाही. तीस वर्षांची मुदत, म्हणजे डिसेंबर २०२६ पर्यंत.

मासा मात्र भावनेवर चालतो. हिलसा, बंगालीत इलिश. बांगलादेशने २०१२ पासून त्याच्या निर्यातीवर बंदी घातली आहे, पण दुर्गापूजेच्या आधी काही टन कोलकात्याला जाऊ देतात. २०२४ मध्ये ढाक्यात सत्तापालट झाला. नव्या हंगामी सरकारने आधी सांगितलं, यंदा इलिश नाही. कोलकात्यात हळहळ. मग सप्टेंबरमध्ये तीन हजार टनांची परवानगी आली, आणि बर्फात रचलेल्या पेट्या बेनापोल-पेट्रापोलच्या नाक्यावरून ट्रकने निघाल्या. कागद, शिक्के, कस्टम. १९७५ मध्ये फराक्क्याचं धरण सुरू व्हायच्या आधी हाच मासा समुद्रातून निघून अंडी घालायला पार प्रयागपर्यंत आपला आपण पोहत यायचा.